येथून वाचक बदलत आहे

बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलीच्या फोनमधून आपल्या नवऱ्याचा आवाज येतो आहे, हे तिला आवाजावरून कळलं नाही. आवाज ओळखू येण्यासारखा राहिलाच नव्हता. डब्यात खडे घालून कुणी खुळखुळवावेत तसं काहीतरी चाललं होतं, आणि त्याचं तिला नवल वाटायचं कारण नव्हतं. ज्यांना दिसत नाही अशी मुलं पुस्तकं ऐकतात ती अशीच, दुप्पट वेगानं. डोळस माणूस जितक्या झरझर पानावरून नजर फिरवतो, तितक्याच झरझर त्यांना कान फिरवायचे असतात. मुलीनं पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली होती, फोन थेट कानाशी धरला होता आणि बसच्या घरघरीवर मात करायला तो चांगला मोठा केला होता. ती स्वतः खिडकीबाहेर बघत होती. मग त्या खडखडाटात एक बारीकशी फट पडली. फट, आणि मग 'आणि'. थोड्या वेळानं पुन्हा फट, पुन्हा 'आणि'. तिनं मान वळवली. 'आणि' म्हणायच्या आधी असा थांबणारा माणूस जगात एकच होता. अंधारात जिना उतरताना पुढची पायरी पायानं चाचपून बघावी तसा तो थांबायचा, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती त्यावरून त्याची टर उडवायची की तू 'आणि' म्हणायच्या आत माझा स्वयंपाक होतो. अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या स्टुडिओत तर त्याचं नावच 'सावकाश' पडलं होतं. तोच सावकाश आता तिच्या शेजारी पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा धावत होता. तिला हसू आलं, आणि हसू येतंय म्हणून भीती वाटली.

बस सिग्नलला थांबली तेव्हा फोन एकदम गप्प झाला. मुलीनं बोटानं काहीतरी केलं, वाक्य मागे गेलं, धावत आलं, पुन्हा त्याच ठिकाणी गप्प. पुन्हा मागे, पुन्हा गप्प. दर वेळी त्याच एका 'की'पाशी येऊन घोडं अडत होतं. 'पुढचं येतच नाही,' मुलगी म्हणाली. हे तिनं कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण शेजारी माणूस आहे हे तिला माहीत होतं, आणि बसमध्ये असं अर्धवट हवेत टाकलेलं वाक्य कुणीतरी उचलावंच लागतं. कुठलं पुस्तक, असं तिनं मुलीला विचारलं, आणि माहीत असलेलं विचारताना माणसाचा आवाज जसा जरा जास्तच साधा होतो तसा तिचा झाला. मुलगी म्हणाली, 'अमेरिकन कवितेचं. जुन्या. मरणाचा धडा आहे. तीन कवींत फरक काय ते सांगता सांगता हा माणूस मध्येच गप्प बसलाय. आणि तोच प्रश्न परीक्षेला हमखास येतो.' मग स्वतःशीच हसून, 'चहा प्यायला गेला असेल.'

मुलगी म्हणाली की दुसऱ्या कुणी वाचलेलं असतं तर तिनं केव्हाच नाद सोडून मैत्रिणीकडून टिपणं मागितली असती. पण या माणसाचं ऐकलेलं लक्षात राहतं. वाचून दाखवतोय असं वाटत नाही, त्याचा त्यालाच आत्ता पत्ता लागतोय असं वाटतं. 'येईल पुढचं,' ती म्हणाली. 'बघू,' मुलगी म्हणाली, काठी उलगडली आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. ती गेल्यावर ती सीट रिकामी राहिली, आणि रिकाम्या सीटकडे बघताना तिला काहीतरी विचित्र गोड वाटत होतं, जिभेवर औषधाच्या गोळीचं साखरेचं कवच विरघळावं तसं. गेल्या थंडीपासून इतक्या माणसांचं तिच्याशी त्याच्याबद्दल बोलून झालं होतं, खाली मान घालून, खांद्यावर हात ठेवून. पण तो चहा प्यायला गेला असेल, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या मुलीपुरता तो अजून होता. फक्त जरा बेजबाबदार होता. मग ते साखरेचं कवच संपलं, आणि आज स्टुडिओ चालवणाऱ्या मोठ्या बाईंना उत्तर द्यायचं आहे हे आठवलं.

स्टुडिओ म्हणजे वाचनालयाच्या तळघरातल्या दोन खोल्या. एका खोलीत यंत्रं आणि कान. कान म्हणजे रेकॉर्डिस्ट, त्याला सगळे कानच म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. दुसरी खोली वाचायची: भिंतींना राखाडी स्पंज, एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा, मायक्रोफोन आणि जाड काच. शेजारच्या भिंतीपलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप होता. तो सुरू झाला की सगळं थांबायचं. वाचणारा तोंड मिटून बसायचा, कान डोळे मिटून बसायचा, आणि वर कुणाच्या तरी टाकीत पाणी चढत राहायचं. पंपाच्या त्या सक्तीच्या सुट्ट्यांमध्येच तिचं आणि त्याचं लग्न जमलं, असं कान सगळ्यांना सांगायचा. ते खोटं नव्हतं. ती तेव्हा भूगोल आणि कायदा वाचायची, धाडधाड, एका दमात पान. तो इतिहास आणि कविता वाचायचा, सावकाश. वाचताना चूक झाली की टेबलावर पेन्सिल दोनदा वाजवायची, 'पुन्हा' म्हणायचं आणि वाक्य सुरुवातीपासून घ्यायचं, म्हणजे नंतर कानाला ते दोन ठोके शोधून चुकलेला भाग कापता येतो. ही सवय ते घरी घेऊन गेले. भांडणात एखाद्याच्या तोंडून नको ते गेलं की दुसरा चमच्यानं ताटलीवर दोनदा टक-टक करायचा. 'पुन्हा.' मग ज्याचं चुकलं त्यानं तेच वाक्य जरा बरं करून म्हणायचं. पुष्कळ भांडणं त्यामुळे हसण्यावारी गेली. काही गेली नाहीत, पण तीही नीट म्हटली गेली. आता चमचा वाजवणारं घरात कुणी नाही, त्यामुळे तिच्या तोंडून गेलेलं काहीच कापलं जात नाही, सगळं तसंच खोलीत राहतं.

कवितेचं ते पुस्तक त्याला शेवटी मिळालं होतं. कुणा प्राध्यापकानं विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, खडबडीत, मुद्दे एक दोन तीन असे. पण कविता वाचायच्या म्हटल्यावर तो आधी घरी तालीम करायचा. ती ओट्याशी उभी राहून काम करायची आणि तो दारात उभा राहून मरण वाचायचा. त्या धड्यात तीन कवी होते, आणि या दोघा नवराबायकोनी त्यांना टोपणनावं ठेवून टाकली होती, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेवतात तशी. पहिला काळा कोट: त्याची प्रिया मेली आहे आणि तो काही केल्या तिला सोडायला तयार नाही, थडग्याशी बसून आहे, दार वाजलं की त्याला तीच आली असं वाटतं. दुसरी खिडकीतली: घराबाहेर न पडणारी बाई, जी मरणाला घरी येणाऱ्या पाहुण्याइतकं सभ्यपणे वागवते आणि स्वतःच्या मरणाकडेही जरा मान वाकडी करून, उत्सुकतेनं बघते. तिसरा गवतवाला: त्याच्या लेखी कुणी मरतच नाही, सगळं मातीत जातं आणि हिरवं होऊन वर येतं, आणि ते तो इतक्या मोठ्यांदा सांगतो की ऐकणाऱ्याला वाद घालायची सोय राहत नाही. 'तू कुणाच्या पार्टीतली?' त्यानं एकदा विचारलं होतं. गवतवाल्याचा मला कंटाळा येतो, लग्नात मोठ्या आवाजात बोलणारे काका असतात तसा आहे तो, असं ती म्हणाली होती. आणि काळा कोट? तो लाडावलेला आहे. खिडकीतली बरी, पण तिच्याशी माझं पटलं नसतं, तिनं मला कधी स्वयंपाकघरात येऊच दिलं नसतं. तो हसला होता. 'आणि तू?' तिनं विचारलं होतं. 'वाचणाऱ्यानं बाजू घ्यायची नसते,' तो म्हणाला होता. हे त्याचं नेहमीचंच. कुठल्याही गोष्टीत तो असा काठावर बसून राहायचा, आणि तिला त्याचा राग यायचा. आता तो कुठल्या बाजूला गेला ते कुणी विचारायला नको.

तो गेला त्या दिवशी दुपारी तो स्टुडिओतून नेहमीपेक्षा लवकर आला होता. ती जेवण गरम करत होती. स्वयंपाकघरात डोकावून त्यानं झाकण उचललं, 'काय केलंयस?' म्हणाला, आणि ती म्हणाली, 'हात धू आधी.' वळून बघितलंही नाही. बेसिनचा नळ सुरू झाल्याचं तिनं ऐकलं. नळ बंद झाल्याचं ऐकलं नाही. ताट वाढून झालं तरी पाणी वाहतच होतं, आणि पाणी वाया घालवतोयस, असं ओरडून ती गेली तेव्हा तो बेसिनखाली भिंतीला टेकून बसला होता, हात ओले, साबण एका तळव्यावर अजून फेसाळलेला, चेहऱ्यावर किंचित लाजल्यासारखे भाव. डॉक्टर म्हणाले की त्याला काही कळलंही नसेल. लोक म्हणाले, नशीबवान. त्याच्या थोरल्या बहिणीचा, तिच्या नणंदेचा, अजून दर रविवारी फोन येतो, आणि ती मायेनंच म्हणते, 'सुटला गं तो आता. कुणाला काही करावं लागलं नाही.' शेजारीण म्हणते, ते कुठे गेले नाहीत, आहेत इथेच. वाचनालयाच्या ऑफिसातले म्हणतात, सर नसताना. सगळे मिळून त्या एका शब्दाच्या भोवतीनं पाय न वाजवता चालतात. तीसुद्धा चालते. त्या दिवशीचं ताट तिनं झाकून ठेवलं होतं, आणि घरातली माणसं पांगल्यावर संध्याकाळी ते उघडून उभ्यानंच खायचा प्रयत्न केला होता, टाकवलं नाही म्हणून. पहिला घास तिनं परत ताटात ठेवला. तेव्हापासून ती जेवते, जेवावं लागतं म्हणून; पण भूक लागत नाही. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर लोक डबे घेऊन येतील. पूर्वी भूक नावाची एक गोष्ट दुपारी येऊन उभी राहायची, ओळखीचा विक्रेता दाराशी यावा तशी, आणि ती येईनाशी झाली तर दिवसाला मधली खूणच उरत नाही. काळ्या कोटाला जेवायला कोण वाढत होतं, हा प्रश्न तिला आताशा पडायचा. थडग्याशी बसलेल्या माणसालाही कुणीतरी हाक मारत असेलच की, चल, निवतंय सगळं.

मोठ्या बाईंच्या टेबलावर ते पुस्तक होतं, मध्ये त्याची पेन्सिल खूण म्हणून घातलेली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला इतके महिने नुसतं तपासणीच्या कामावर ठेवलं, वाचायच्या खोलीत पाठवलं नाही, एकदाही घाई केली नाही. पण परीक्षा तोंडावर आली होती, आणि मुलांची अडचण नको म्हणून अर्धवट पुस्तकच इंटरनेटवर चढवून दिलं होतं, ते किती दिवस तसं ठेवायचं? त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि महिन्याभरापूर्वीच सांगून झालं होतं. शक्यतो एक पुस्तक, एक आवाज, हा इथला नियम. तिनं पुस्तक पहिल्यापासून वाचावं, मग जुनं काढून तिचं चढवता येईल. तिला नको असेल तर बाहेरचा वाचक बघता येईल, पण बाईंना वाटत होतं की तिनंच वाचावं. तेवढंच आपलं, त्यांचं काम तुमच्या हातून पुरं झालं असं होईल. जुनं कुठे जाणार नव्हतं, कान ते पेन ड्राइव्हवर घालून देणार होता, कपाटात जपून ठेवायला. गेला महिनाभर ती या पेन ड्राइव्हला घाबरत होती. कपाटात कपड्यांखाली ठेवलेला नवरा तिला नको होता. तिथे तो तिच्याशिवाय कुणाचा राहिला नसता, आणि ती एकटी त्याला पुरी पडली नसती. पण हे असं कुणाला सांगायचं, आणि नियमासमोर कसं मांडायचं, ते तिला आजपर्यंत सुचत नव्हतं.

'मी वाचते,' ती म्हणाली. 'पण पहिल्यापासून नाही. त्याच्या "की"पासून.' बाईंनी चष्मा काढला. वाक्याच्या मध्ये? अर्ध्या वाक्यात पुरुषाचा आवाज आणि अर्ध्यात बाईचा? मुलं दचकतील, तक्रारी येतील. निदान धडा तरी पहिल्यापासून घ्या. ती म्हणाली, बसमध्ये एक मुलगी भेटली होती, आणि मग पुढे काय बोलायचं ते तिला कळेना, कारण त्या मुलीनं काही मागितलं नव्हतं, फक्त तो चहाला गेलाय असं म्हटलं होतं. बाईंनी तपासनिसाला बोलावलं. तपासनीस म्हणजे वाचून झालेली प्रत्येक गोष्ट ऐकून चुका काढणारा माणूस, जन्मापासून दृष्टी नसलेला, खवट, आणि चुका काढण्यात तरबेज. सावकाशच्या वाचनात चूक सापडली की त्याला सणासारखं वाटायचं. त्याला विचारलं, दोन आवाज चालतील का. तो भिंतीला टेकून उभा राहिला. 'आवाज बदलल्याचं काही नाही हो,' तो म्हणाला. 'आमचे मास्तर बदलतात, कंडक्टर बदलतात, आम्हाला लगेच कळतं. तुम्ही मध्ये ते एक वाक्य टाकता ना, येथून वाचक बदलत आहे. बस. का बदलतोय ते कुणी सांगत नाही. मग ऐकणारा पुढचं पान ऐकतच नाही, हा माणूस गेला कुठे म्हणून मागेच राहतो.' भिंतीपासून सुटा होत तो म्हणाला, 'मी दोन दिवस राहिलो होतो.' बाईंनी चष्मा परत घातला, पेन्सिल पुस्तकातच राहू देऊन ते तिच्याकडे सरकवलं. बघा मग, त्या म्हणाल्या, तुम्हाला झेपत असेल तर.

खोलीत काहीच बदललं नव्हतं. स्पंजाला येणारा धुळीचा वास तसाच, दिव्याची मान त्याच्या उंचीला वाकवलेली. तिनं ती खाली घेतली, खुर्चीही खाली घेतली. काचेपलीकडून कानानं हात वर केला. अर्धवट राहिलेलं वाचन उचलायचं असलं की आधी मागची काही वाक्यं हेडफोनवर ऐकायची, आधीच्या वाचकाच्या पट्टीत, त्याच्या चालीत मनातल्या मनात चालू लागायचं, आणि वाक्य संपलं की श्वासावर पाऊल ठेवून पुढे निघायचं. तिनं हे काम कितीतरी वाचकांसाठी केलेलं होतं. कानानं बटणाशी बोट नेलं आणि मग बोलायच्या माइकवरून चाचरत म्हणाला की शेवटी थोडं आहे, कामाचं नाही, चढवताना गाळलं, पण इथे मूळ प्रतीत कापायचं राहून गेलंय. 'असू दे,' ती म्हणाली. इतके महिने तिनं हे ऐकायचं टाळलं होतं ते याचसाठी. शेवटी काहीतरी असेल, याची भीती होती. आणि काहीच नसेल, याची जास्त.

मग तो आला. बसमधला धावणारा नव्हे, त्याचा स्वतःचा, दोन्ही कानांच्या मधोमध, इतका जवळ की ओठ सुटे होताना येणारा बारीक आवाजसुद्धा. काळा कोट, खिडकीतली, गवतवाला, तिघांबद्दल प्राध्यापकानं मांडलेले कोरडे मुद्दे तो एकाच समजुतीच्या सुरात सांगत होता, कुणाची बाजू न घेता, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की हे काठावर बसणं नव्हतं. तिघांनाही तो त्याच दारातून आत घेत होता, चपला काढायला वेळ देत होता. 'तेव्हा या तिघांच्या मरणाकडे पाहण्यात मुख्य फरक असा, की,' तो म्हणाला, आणि थांबला. कागद हलला. दूरवर पंप सुरू झाला. खुर्ची करकरली. दोनदा पेन्सिल वाजली, पण तो 'पुन्हा' म्हणाला नाही. जांभई द्यावी तसा श्वास सोडून, वाचायच्या नव्हे, घरच्या आवाजात म्हणाला, 'जाऊ दे, हा पंप काही ऐकायचा नाही. आज पुरे. पोटात कावळे ओरडायला लागलेत.' दार उघडलं. दार मिटलं. पंप चालू राहिला, आणि मग काहीच नाही.

ती बसून राहिली. एवढंच होतं. तिच्यासाठी काही नव्हतं, निरोप नव्हता, चाहूल नव्हती, खिडकीतल्या बाईला जशी लागते तशी कुणी दाराशी आल्याची जाणीव नव्हती. त्याला भूक लागली होती. तो भूक लागली म्हणून घरी आला, झाकण उचललं, काय केलंयस म्हणाला, आणि तिनं हात धुवायला पाठवलं, आणि तो उपाशी गेला. तिला रडू आलं ते या भुकेचं. तो मेला याचं रडणं आतापर्यंत पुष्कळ झालं होतं, पण ते मोठं, सगळ्यांचं, कुणाच्याही नवऱ्याला चालेल असं होतं. हे एवढंसं होतं आणि फक्त त्याचं होतं. बस पकडून, जिना चढून, इतक्या लांब त्यानं ती भूक तिच्याकडे आणली होती. तिनं डोकं टेबलावर ठेवलं. काचेपलीकडे कानानं तोंड फिरवून घेतलं आणि उगाच कुठल्यातरी तारा गुंडाळायला लागला. मग खरोखरचा पंप सुरू झाला, आजचा, आणि तो संपेपर्यंत कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांत पंपाचे आभार मानावेसे तिला पहिल्यांदाच वाटले.

पंप थांबल्यावर तिनं तोंड पुसलं, पाणी प्यायली आणि पेन्सिल हातात घेतली. पेन्सिलीला वरच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. कानानं मागची वाक्यं पुन्हा लावली, ती त्याच्या चालीत चालू लागली, 'की' आला, आणि तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं. 'येथून वाचक बदलत आहे.' मग ती थांबली. पुढचा शब्द तिनं आजवर कधी मोठ्यानं उच्चारलेला नव्हता. नणंदेपाशी नाही, डॉक्टरांपाशी नाही, बँकेत नाही. तिथे तिनं कागद पुढे केला होता. 'आधीचे वाचक,' ती म्हणाली, आणि आवाज फाटला. पेन्सिल दोनदा वाजवली. 'पुन्हा. येथून वाचक बदलत आहे. आधीचे वाचक आता...' पुन्हा दोन ठोके. हा 'आता' नणंदेचा होता. तिसऱ्यांदा तिनं त्याच्यासारखी, पायरी चाचपून, जागा सोडली. 'येथून वाचक बदलत आहे. आधीचे वाचक या वाक्यापर्यंत वाचून घरी गेले आणि त्याच दुपारी मरण पावले. पुढचं वाचन त्यांची पत्नी करत आहे.' शब्द बाहेर पडला, स्पंजानं तो शोषून घेतला, प्रतिध्वनी आला नाही. आभाळ कोसळलं नाही. कान माइकवरून हळूच म्हणाला, 'हे नियमात नाही बसत, ताई.' तो तिला आजवर नावानं हाक मारायचा. 'राहू दे,' ती म्हणाली, आणि पुस्तक उजेडात ओढून उरलेल्या वाक्याचं तोंड शोधलं. काचेपलीकडे कानानं मान खाली घातली होती. बसमधली ती मुलगी मात्र तिला समोर दिसत होती, फोन कानाशी धरलेली, एकदा दचकून मग गप्प झालेली, आणि ऐकत असलेली.

'पहिल्याला गेलेलं माणूस परत हवं आहे,' तिनं वाचलं, 'दुसरीला आपण जाताना नेमकं काय होतं ते पाहायचं आहे, आणि तिसऱ्याला कुणी गेलंच आहे हे मान्य नाही.' एवढंच. इतके महिने त्या 'की'च्या पलीकडे काय असेल याचा तिनं धसका घेतला होता, आणि पलीकडे प्राध्यापकमहाशय होते. पुढच्याच वाक्यात ते म्हणत होते की परीक्षेच्या दृष्टीनं हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ती जवळजवळ हसली, सावरली, आणि वाचत गेली. सुरुवातीला सावकाश, मग हळूहळू तिची स्वतःची धाडधाड परत आली, भूगोलाची, कायद्याची, आणि तिनं ती येऊ दिली, कारण दुप्पट वेगानं ऐकणाऱ्याला तसाही फारसा फरक कळणार नव्हता. धडा पुढे पानंच्या पानं चालला होता. तिघांचीही बाजू पूर्ण मांडून झाली. मागे राहिलेल्याचं, झाकून ठेवलेल्या ताटाचं, वाहत्या नळाचं त्यात कुणीच काही लिहिलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. ते कदाचित लिहायचं नसतंच, नळ बंद करायचा असतो. फक्त 'आणि' आला की ती अडखळायची. तिथे एक जागा राहायची, तिनं न ठेवलेली. ती जागा ओलांडून जायला तिला दर वेळी बळ लागत होतं, आणि त्या जागेत कुणीही नव्हतं.

धडा संपला तेव्हा ती बाहेर आली, आणि कान तिच्याकडे न बघता म्हणाला की आता जोडून टाकतो, तुमचे ते पुन्हा-पुन्हा कापतो, फक्त त्यांचं ते मधलं, पंप आणि कावळ्यांचं, त्याचं काय करू? वेगळं काढून ठेवू का तुमच्यासाठी? ती पडद्याकडे बघत राहिली. त्याचा आवाज तिथे हिरव्या डोंगरांच्या ओळीसारखा दिसत होता, मग एक सपाट जागा, मग ठेंगणे तीन-चार डोंगर एकटेच. तेवढे कावळे. 'एकदा लावा,' ती म्हणाली. त्यानं लावलं. तो पुन्हा कावळ्यांचं म्हणाला, दार उघडलं, दार मिटलं. 'कापा,' ती म्हणाली. 'त्या मुलीला पुढचं वाक्य हवंय.' कोणती मुलगी, असं कानानं विचारलं नाही. त्यानं खूण केली, बटण दाबलं, आणि ठेंगणे डोंगर नाहीसे झाले. 'की'च्या टोकाला तिचा श्वास येऊन लागला. ती जरा वेळ टेबलाला धरून उभी राहिली. पोटात काहीतरी ओढल्यासारखं वाटत होतं. तिला आधी ते दुःखच वाटलं, कारण इतके महिने आत जे काही हलायचं ते तेवढंच असायचं. मग ते पुन्हा ओढलं गेलं, आणि तिनं ते ओळखलं.

कानानं आपला डबा उघडून यंत्रांच्या बाजूला ठेवला होता. नेहमीसारखं झाकणात अर्धं काढून त्यानं ते तिच्या बाजूला सरकवलं. हे तो इतके महिने रोज करत आला होता आणि ती रोज नको म्हणत आली होती. आज ती नको म्हणाली नाही. ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, हात नीट धुतले, नळ घट्ट बंद केला आणि जेवायला बसली.